लाभ, दोन, तीन

माझ्या हातातून भुईमुगाची एक शेंग खाली पडली, एवढंच झालं होतं. पेरूमधल्या कान्येते नदीच्या खोऱ्यात, इंकावासी नावाच्या पडक्या वसाहतीत, कोठारांच्या भिंतीपाशी मी आणि माझी लेक उभ्या होतो. सकाळी लुनाउआनाच्या बाजारात भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली होती, ती हातातच राहिली होती. शेंग घरंगळत भिंतीच्या पायथ्याशी गेली. मी वाकणार इतक्यात तिथला राखणदार पुढे झाला. साठीचा असेल. उन्हानं रापलेला चेहरा, डोक्यावर कापडी टोपी. त्यानं ती शेंग उचलली, फुंकर मारून धूळ उडवली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं त्यावर मिटवली. मग स्पॅनिशमध्ये काहीतरी हलकेच बोलला. लेक म्हणाली, "आई, ते म्हणतायत, ही इथली नाही. ही मोजलेली नाही."

तो रागावला नव्हता. चेहऱ्यावर हसूही नव्हतं. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यानं देवघरातली वस्तू हलली म्हणून जागेवर ठेवावी, तसं त्यानं केलं. मी मान हलवली आणि पुढे चालू लागले. पण ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं दिवसभर टोचत राहिलं, आणि अजून टोचतं.

त्या जागेचं आधी सांगते. लिमाहून दक्षिणेला किनाऱ्यानं निघालं की डावीकडे नुसते करडे, पिवळट डोंगर. गवताची काडी नाही. समुद्र उजव्या हाताला सतत दिसतो, पण त्या समुद्रावरून पाऊस येत नाही. थंड प्रवाहामुळे हिवाळ्यात नुसतं धुकं चढतं आणि कपडे ओलसर करून जातं. मग एखादी नदी अँडीजमधून उतरते आणि तेवढ्या पट्ट्यात एकदम हिरवंगार होतं. द्राक्षं, मका, रताळी, कापूस. हिरवं कुठे संपतं ती रेघ चाकूनं कापल्यासारखी असते. एक पाय शेतात आणि एक वाळवंटात ठेवून उभं राहता येतं. समुद्रापासून तीसेक किलोमीटर आत, या रेघेच्या कोरड्या बाजूला इंकावासी आहे. क्वेचुआ भाषेत 'वासी' म्हणजे घर, इंकाचं घर. आपल्या कानाला तो शब्द रहिवाशाचा वाटतो, आणि तिथे उभं राहिल्यावर रहिवासी एकही नसतो. दगड-मातीच्या, छातीएवढ्या उरलेल्या भिंती, खोल्यांमागून खोल्या, मधे चौक. भिंतींवर गिलाव्याचे पोपडे. खालून नदीचा आवाज येतो आणि वर वारा सगळीकडे बारीक माती पसरत राहतो, ओठांवर, चष्म्यावर, दातांत.

इथल्या कोठारांत २०१३च्या सुमारास आलेहांद्रो चू या पेरूच्या पुरातत्त्वज्ञाला खिपू सापडले. खिपू म्हणजे गाठींच्या दोऱ्या. एक जाड दोरी, तिला लोंबणाऱ्या कित्येक बारीक दोऱ्या आणि त्यांवर मारलेल्या गाठी. इंका राज्यात लिपी नव्हती. हिशेब असा धाग्यात ठेवायचे. जगभरच्या संग्रहालयांत शेकडो खिपू आहेत, पण बहुतेक कबरी उकरणाऱ्यांच्या हातून आलेले. त्यांतले आकडे वाचता येतात, पण आकडे कशाचे हे कळत नाही. लामांचे, माणसांचे की दिवसांचे? इंकावासीला पहिल्यांदाच खिपू जिथे वापरात होते तिथेच मिळाले, आणि ते धान्याखाली झाकलेले होते. काही खिपूंवर शेंगदाणे, काहींवर मिरच्या, काहींवर काळ्या घेवड्याचे दाणे. पाचशे वर्षांपूर्वीची मिरची, वाळून काळपट पडलेली, आणि तिच्याखाली तिचा हिशेब.

मिरची आणि शेंगदाणे. हे वाचलं तेव्हा मी पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात होते आणि ओट्यावर खलबत्ता होता. लसूण सोडली तर ठेच्याचं सगळं सामान त्या कोठारात होतं. घेवड्याचं तर काय, साताऱ्याकडचा आपला वाघ्या घेवडा त्याच कुळातला. हे तिन्ही आपल्याकडे समुद्रापलीकडून आले हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी खांद्यावरून आले असतील असं कधी वाटलेलं नसतं. तिकडे शेंगेला केवढा मान होता! उत्तर पेरूत सिपान इथे १९८७मध्ये वाल्तेर आल्वा या पुरातत्त्वज्ञानं मोचे लोकांच्या राजाची कबर उघडली. इंकांच्या हजारेक वर्षं आधीची. त्या राजाच्या गळ्यात शेंगांची माळ होती, दहा शेंगा सोन्याच्या आणि दहा चांदीच्या. टरफलावरच्या जाळीसकट.

आमच्या गावच्या घरी शेंगा सोन्याच्या नव्हत्या, पण आजी त्या तशाच मोजायची. वेल उपटून खळ्यावर आणलेले असायचे, त्यांचा ओला, मातकट, किंचित आंबूस वास सगळ्या अंगणाला यायचा. बायका गोल करून बसायच्या आणि शेंगा तोडायच्या. संध्याकाळी आजी पायली घेऊन राशीपाशी बसायची, डोक्यावरून पदर घेऊन, पूर्वेकडे तोंड करून. पहिली पायली ओतताना ती 'एक' म्हणायची नाही. 'लाभ' म्हणायची. मग दोन, मग तीन. मी विचारलं होतं, एक का नाही म्हणायचं? ती म्हणाली, "एक म्हटलं की राशीला कळतं आपण मोजतोय. पहिली देवाची." मला ते फार आवडायचं. अजूनही बाजारात निवडून घेतलेला पहिला आंबा पिशवीत टाकताना मी मनातल्या मनात लाभ म्हणते.

म्हणूनच खिपूतल्या 'एक'नं मला धरून ठेवलं. खिपूतले आकडे दशमान पद्धतीनं वाचायचे असतात हे लेलँड लॉक यांनी १९१२मध्ये दाखवून दिलं. दोरीवर सगळ्यात खाली एकं, त्याच्या वर दहं, त्याच्या वर शेकडा. दहं-शेकड्याला साध्या गाठी, जेवढा आकडा तेवढ्या. शून्याला मोकळी जागा. एकंला मात्र लांब गाठ. दोरीचे वेढे घ्यायचे, दोनाला दोन वेढे, पाचाला पाच, नवाला नऊ. पण एक वेढा घेतला तर ती साधीच गाठ होते, दहंच्या गाठीसारखी दिसते. म्हणून एकाला वेगळी गाठ आहे, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळणारी, तिच्यासारखी दुसरी कुठली नाही. मी घरी सुतळीवर ती बांधून पाहिली. दोरी स्वतःवरून फिरून स्वतःच्याच पोटातून बाहेर येते. दोन, तीन, चार सरळ रांगेत आणि एक वेगळा. कारण अगदी व्यवहाराचं आहे, देवाधर्माचं नाही, हे मला कळतं. तरी ती गाठ बोटांत धरून बसले होते तेव्हा आजीचा आवाज आला.

पण मग ग्वार्को आठवतात.

या खोऱ्याचा खालचा, समुद्राकडचा भाग ग्वार्को लोकांचा होता. शेती, मासेमारी, स्वतःचे कालवे, स्वतःचे नायक. किनाऱ्यावर सेरो आसुल इथे जॉयस मार्कस यांनी केलेल्या उत्खननात वाळवलेल्या माशांच्या खोल्या मिळाल्या आहेत; वाळूत सारडीन आणि अँचोव्ही साठवलेले. सुकटीच्या डालग्या पाहिलेल्या कुणालाही कोकणातलं घर आठवावं असं. पंधराव्या शतकात इंका आपल्या राजधानीतून, कुस्कोहून, डोंगर उतरले आणि एकेक खोरं घेत निघाले. ग्वार्कोंनी नकार दिला. सिएसा दे लेओन या स्पॅनिश बखरकारानं हे सगळं १५५०च्या आसपास लिहून ठेवलं आहे. लढाई तीन-चार वर्षं चालली. डोंगरातल्या सैनिकांना किनाऱ्यावरचा उन्हाळा सोसायचा नाही, ते माघारी जायचे, आणि ते गेले की ग्वार्को आपापल्या शेतात उतरून पेरणी करायचे. हे वाचताना मी दर वेळी थांबते. सैन्य क्षितिजावरून दिसेनासं झालं, आता मोकळं शेत दिसतंय, आता पेरून घेऊ. शेवटी इंका राजानं खोऱ्यात एक नवं शहर वसवलं, त्याला कुस्कोचं नाव दिलं, गल्ल्यांना आणि टेकड्यांनाही कुस्कोतली नावं दिली, आणि लढाई संपेपर्यंत तिथून हलायचं नाही असं ठरवलं. हेच ते इंकावासी. जॉन हिस्लॉप यांनी १९८५मध्ये या जागेचा सविस्तर अभ्यास छापला, त्यात त्यांनी याला नवं कुस्कोच म्हटलं आहे.

शेवट दोन तऱ्हांनी सांगतात. सिएसाच्या मते ग्वार्को शरण आले तरी त्यांची कत्तल झाली, आणि हाडांचे ढीग त्याच्या काळापर्यंत दिसत होते. त्यानंतर शंभर वर्षांनी बेर्नाबे कोबो या पाद्र्यानं वेगळीच हकिकत लिहिली. ग्वार्कोंची प्रमुख एक बाई होती. इंकाच्या राणीनं तिच्याशी तहाची बोलणी लावली आणि म्हणाली, तह होतोय, तर समुद्राची मोठी पूजा घाला. सगळं गाव तराफ्यांवर बसून, वाद्यं वाजवत समुद्रात गेलं. मागे किनाऱ्यावर इंकाचं सैन्य उतरलं. मागे वळून पाहिलं तेव्हा घरं त्यांची राहिली नव्हती. यातलं कुठलं खरं मानायचं हे मला ठरवता येत नाही. दोन्ही गोष्टी कुस्कोच्या बाजूनं ऐकलेल्या, स्पॅनिश माणसांनी लिहिलेल्या. ग्वार्कोंची तिसरी गोष्ट नक्की असणार. ती सांगणारं कुणी उरलं नाही. उरल्या त्या या भिंती, आणि युद्धासाठी बांधलेल्या शहरातली शेंगांची कोठारं.

राज्य आलं याची खूण वाळवंटात कशी राहते हे पाहण्यासारखं आहे. दक्षिणेला शेजारी चिंचा नावाचे लोक. ते श्रीमंत, समुद्रावरून व्यापार करणारे. एका जुन्या कागदात त्यांचे बारा हजार शेतकरी, दहा हजार कोळी आणि सहा हजार व्यापारी नोंदलेले आहेत. ते लढले नाहीत. त्यांच्या राजधानीत, ला सेंतिनेला इथे, चिंचांचे जुने मनोरे दाबून घट्ट केलेल्या मातीच्या थरांचे आहेत, आणि त्यांच्या अगदी कुशीत इंकांचा वाडा आहे, तो विटांचा. वर निमुळत्या, खाली रुंद अशा देवळ्या हे इंकांचं वळण. तशा देवळ्या चिंचांच्या स्वतःच्या बांधकामांतही जाऊन बसलेल्या दिसतात. मान असा मिळाला की १५३२मध्ये काहामार्काच्या चौकात इंका राजा आताहुआल्पा मेण्यातून आला तेव्हा दुसरा मेणा चिंचाच्या राजाचा होता. शेजारच्याच पिस्को खोऱ्यात ताम्बो कोलोरादो आहे. तिथल्या विटांच्या भिंतींवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या रंगाचे पट्टे अजून आहेत, कारण धुऊन काढायला पाऊसच नाही. ते पट्टे बघताना माझा श्वास अडकला होता. इतकं नेमकं, इतकं देखणं. आणि चिलीच्या अताकामा वाळवंटात, तुरी नावाच्या गावात, इंकांनी सभेसाठी लांबलचक दालन बांधलं. त्यासाठी तिथल्या लोकांचे चुल्पा पाडले. चुल्पा म्हणजे दगडांचे छोटे बुरूज, पूर्वजांच्या नावानं उभे केलेले. पितरांच्या जागेवर सरकारी दालन, आणि तेही त्या गावानं कधी न पाहिलेल्या मातीच्या विटांत. गावातल्या कुणा म्हातारीला रोज पाणी आणायला जाताना ते दालन दिसत असेल.

किनाऱ्यावरचं हे राज्य जेमतेम साठ-सत्तर वर्षं टिकलं. माझी आजी त्याहून जास्त जगली.

आता मला टोचतं त्याच्यापाशी येते. खिपूंचे अभ्यासक गॅरी अर्टन आणि चू यांनी इंकावासीच्या गाठी मांडून पाहिल्या तेव्हा त्यांना एक रचना पुन्हा पुन्हा दिसली. काही दोऱ्यांवरच्या आकड्यांची बेरीज, आणि त्यातून एक ठरावीक आकडा वजा. माल कितीही असो, वजा होणारा आकडा तोच. त्यांचं म्हणणं, ही सरकारी कपात असावी. इंका फक्त श्रम घ्यायचे, वेठ घ्यायचे, पिकावर कर घ्यायचे नाहीत असं पुस्तकांतून शिकवत आलेत, आणि इथे शेंगांच्या राशीतून मूठ काढलेली गाठीत दिसते आहे. कोठाराच्या जमिनीवर चौकटी आखलेल्या होत्या, सारख्या मापाच्या, बहुधा माल ओतून मोजण्यासाठी. मी गेले तेव्हा त्या रेषा मला दिसल्या नाहीत, छायाचित्रांत मात्र पाहिल्या होत्या. ओल्या मातीवर दोरी दाबून उठवल्यासारख्या. कुणीतरी पाठीवरून पोतं आणून त्या चौकटीत रिकामं करायचं, कुणीतरी बघायचं, कुणीतरी गाठ मारायचं.

त्या चौकटींचं चित्र पाहत असताना मला आजीचा तळहात आठवला. इतक्या वर्षांत तो कधी आठवला नव्हता. शेंगा तोडणाऱ्या बायकांना रोख पैसे नसायचे. दहा पायल्या तोडल्या की एक पायली त्यांची. त्यांच्यात एक मावशी यायच्या, काळ्यासावळ्या, बोटं कायम फुटलेली, मला शेंगांमधली कोवळी, दुधाळ शेंग काढून द्यायच्या. आजी मोजायला बसायची. आमच्या राशीत पडणारी पायली शिगोशीग असायची, वरून शेंगा ओघळेपर्यंत. लाभ, दोन, तीन. दहा झाल्या की मावशी पदर पसरायच्या. त्यांच्या पायलीवर आजी तळहात फिरवायची, एकदाच, काठावरून काठावर, आणि शीग परत आमच्या राशीत पडायची. मग सपाट पायली त्यांच्या पदरात. त्या पायलीला लाभ म्हणायचा नसे. आजी दुष्ट नव्हती. दुष्काळात तिनं त्याच मावशींच्या घरी न मागता ज्वारी पाठवली होती हे मला ठाऊक आहे. तिची सासूही तसाच तळहात फिरवत असणार. मी शेजारी बसून हे शंभर वेळा पाहिलं आणि मला फक्त 'लाभ' तेवढा लक्षात राहिला, कारण मी राशीच्या बाजूला बसले होते.

त्या मावशींच्या घरी मी एकदाच गेले होते, ताक घेऊन. आत अंधार होता, चुलीचा धूर होता, आणि दाराजवळच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या, पाच-पाचाच्या जुड्या करून. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "तुमच्या आजीकडं वही असती, माझ्याकडं भित हाय." पुढच्या दिवाळीला त्यांनी घर सारवलं, आणि वर्षभराचा हिशेब शेणामातीखाली गेला.

इंकावासीच्या खिपूंमध्ये काही जोड्या आहेत. दोन खिपू एकमेकांना बांधलेले, दोघांवरचे आकडे जवळपास तेच. एकाची दुसऱ्यावर नजर राहावी म्हणून असं केलं असावं असं अभ्यासकांना वाटतं. सरकारचेच दोन हिशेबनीस, एकमेकांना तपासणारे. तसंच असेल. पण मी त्या जोडीकडे पाहते तेव्हा मला वाटतं, त्यातला एक तरी शेंगा आणणाऱ्याचा असावा. कुणी ग्वार्को बाईनं, कुणी लुनाउआनाच्या माणसानं, आपल्या सुताची दोरी बरोबर आणली असावी आणि म्हटलं असावं, तुझी गाठ मार, पण माझीही मारू दे. याला पुरावा नाही. ही माझी इच्छा आहे, आणि ती मी इच्छा म्हणूनच सांगते.

निघताना राखणदारानं फाटकापाशी वही उघडली. कुठून आलात, विचारलं. लेकीनं भारत म्हणून सांगितलं. त्यानं सावकाश, मोठ्या अक्षरांत देशाचं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात दोन उभ्या रेघा ओढल्या. मी पुडी पुढे केली. त्यानं मूठभर शेंगा घेतल्या, खिशात टाकल्या आणि टोपीला हात लावला. मघाची ती शेंग माझ्या डाव्या मुठीत तशीच होती, घामानं ओली झालेली. गाडीत बसल्यावर मी ती फोडली. आत तीन दाणे निघाले, लहान, लालसर सालीचे, आपल्याकडच्यापेक्षा थोडे गोड. दोन लेकीनं खाल्ले, एक मी. ती खिडकीची काच खाली करून टरफलासाठी हात पुढे करत होती. मी टरफल रुमालात बांधलं आणि पर्समध्ये ठेवलं.